जोडीने उघडलेली कार्डं

६ जानेवारी, सोमवार

ही डायरी कृषी केंद्रवाल्याची आहे. प्रत्येक पानाखाली धानाच्या बियाण्याची जाहिरात. बाबांनी दिली. म्हणाले, नोकरी लागली, आता रोजचं लिहीत जा. आधी इंग्लिशमध्ये लिहायला बसलो, तर दोन ओळींतच रिपोर्टसारखं वाटायला लागलं. म्हणून मराठीत. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी कोण पाहणार आहे.

आज जॉइन झालो. पोस्ट : माहिती सुरक्षा सहायक. संस्था सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर काम करणारी, ऑफिस गोंदियात. शाळाशाळांत जाऊन पोरांचं रक्त तपासतात आणि प्रत्येकाचं कार्ड बनवतात. नॉर्मल, वाहक किंवा पेशंट. वाहकाला स्वतःला काही होत नाही, तो मस्त धावतो-पळतो, कित्येकांना तर माहीतच नसतं. पण नवरा-बायको दोघेही वाहक निघाले तर लेकरू पेशंट होऊ शकतं. चारात एक असा चान्स. अशी एकवीस हजार कार्डं आता कॉम्प्युटरमध्ये आहेत.

मागच्या वर्षी एका गावच्या यादीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. एका पोरीचं ठरलेलं लग्न तुटलं. नूतन मॅडम म्हणजे आमच्या सचिव. त्या म्हणाल्या, "ती पोरगी याच खुर्चीवर बसली होती, खुमेंद्र. रडत पण नव्हती. अजून एक नाव जरी बाहेर गेलं ना, तर मी हे ऑफिस बंद करीन."

मी म्हटलं, "मॅडम, एकही नाही जाणार." मनापासून म्हटलं. खरंच.

मी स्वतःसाठी एक रूल केला. कुलूप सांभाळायचं, पेटी उघडायची नाही. अ‍ॅडमिन असलो तरी कोणाचंच कार्ड उघडून पाहायचं नाही. लॉगमध्ये, म्हणजे कोणी कोणतं कार्ड कधी उघडलं त्या नोंदीत, नावाचा कॉलम मी पहिल्याच दिवशी लपवून टाकला. मला फक्त नंबर दिसतात.

हिरालाल काका म्हणून क्लार्क आहेत. बावीस वर्षं झाली त्यांना. त्यांनी गाव विचारलं, बाबांचं नाव विचारलं. "तिरोड्याकडचे तेजराम? त्यांचा पोरगा होय का तू?" मग चष्मा काढून उगाच पुसत बसले. मग म्हणाले, "चांगलं झालं बाबू, आला. चहा घेशील?"

९ जानेवारी

सगळ्यांचा पासवर्ड एकच! आणि तो कुठे लिहिलाय, तर ब्लड सॅम्पलच्या फ्रिजवर, मार्करने. मी विचारलं तर चंदा (लॅब टेक्निशियन, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल) म्हणाली, "लपवून कोणापासून ठेवायचा? आपल्याच लोकांपासून?"

दुपारी व्हायरस सापडला. काकांच्या पेनड्राइव्हमधून आला होता. फोल्डर गायब आणि त्याच्या जागी शॉर्टकट, तो जुनाच प्रकार. सात पेनड्राइव्ह जमा केले, कपाटात बंद. माझा सोडून सगळ्या कॉम्प्युटरच्या रिकाम्या यूएसबीच्या तोंडांत एम-सील भरलं. हात अजून चिकट आहेत.

काका म्हणाले, "माह्यावाला परत देजो बाबू. त्याच्यात कामाचं आहे."

"काय आहे, काका?"

"आहे काहीबाही."

मी सांगितलं, क्लीन झाल्याशिवाय नाही. त्यांनी पुन्हा मागितला नाही.

१० जानेवारी

दीड वाजता सगळे पोर्चमध्ये गोल करून डबे खातात. मी गेलो तर बोलणं बंद झालं. चंदा म्हणाली, "या चौकीदार साहेब, डबा स्कॅन करून घेतला ना?" सगळे हसले. मीपण हसलो. पण सरकून जागा कोणी दिली नाही. मग काम आठवल्यासारखं करून आत आलो. माझी खोली म्हणजे जुनं स्टोअर. सर्व्हर आणि एक जास्तीचा फ्रिज. दोघंही घुं घुं करतात. ऑफिसात दरवाजा असलेली ही एकच खोली आहे.

१४ जानेवारी

तिळगूळ. काकांनी माझ्या खोलीत आणून दिला आणि दोन मिनिटं बसले. "लग्नाचं काही पाहून राहिले का घरी?" त्यांना नाही वाटत असं विचारताना काही. इकडे सगळेच विचारतात.

मग मी सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. चार दिवसांत कोणाशी धड बोललो नव्हतो म्हणून असेल. मागच्या वर्षी चंचलचं स्थळ आलं होतं. ती पण नर्सिंग करून इकडेच परत आलेली. आम्ही दोनदा भेटलो, फोनवर तर रोजच बोलायचो. मोबाइल अ‍ॅपवर पत्रिका टाकली, छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण. मी स्क्रीनशॉट पाठवला, तिने नाचणारा मोर पाठवला. आणि १९ एप्रिलला कोहमाऱ्याच्या रामलाल महाराजांनी सांगितलं, नाही जमत. दोन्ही घरं चूप. तिचं दोन महिन्यांत बालाघाटला लग्न झालं. एक माणूस पंचांग पाहतो आणि विषय संपला! या वर्षात?

काका ऐकत होते. चहा अर्धाच प्यायले आणि उठले. "पोरगी सुखात आहे ना?" दारातून विचारलं.

मला कसं माहीत असणार? म्हाताऱ्या माणसांना दुसरं सुचत नाही.

२१ जानेवारी

काहीतरी आहे!! तीन महिन्यांचा लॉग काढला. एरवी कार्ड कसं उघडतं? कॅम्पनंतर शंभर-शंभर ओळीने उघडतात, डाटा भरायला. किंवा पेशंट आला तर त्याचं एक. पण मधेमधे दोनच कार्डं उघडली आहेत. दोन वेगळ्या गावांची, एकामागोमाग. तीन-चार मिनिटांत बंद. बदल काही नाही, नुसतं पाहिलं. तुळशीच्या लग्नानंतर हे एकदम वाढलं. नोव्हेंबरपासून एकतीस वेळा. नेहमी दोनच.

लॉगिन 'ऑफिस', म्हणजे कोणीही असू शकतं.

कोणाला पाहिजे असतील जोडीने नावं? विमावाले? औषधवाले? मुलांचा डाटा विकून राहिलं असेल का कोणी? दिवाळीनंतरच का? मॅडमना अजून सांगत नाही. पुरावा पाहिजे.

३० जानेवारी

प्रत्येकाला वेगळं लॉगिन, वेगळा पासवर्ड दिला. ट्रेनिंगपण दिलं, स्लाइड बनवल्या होत्या अठरा. सहाव्या स्लाइडला दोघं झोपले. संपल्यावर चंदा म्हणाली, "मेहनत खूप घेता तुम्ही. रक्त तपासलं का कधी स्वतःचं? अठी सगळेच करतात जॉइन झाल्यावर."

म्हटलं, शाळेत झालं होतं. बाबा म्हणाले होते काही नाही.

"कार्ड आहे?"

"असेल घरी."

"नाहीतर येजा कधीपण. एक थेंब लागते फक्त." तिने हातातला कापूस दाखवला. मी म्हटलं, बघू. सध्या डोक्यात चोरच आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सापडला. ११.१० ला फोन वाजला, ११.१२ ला एक कार्ड, ११.१३ ला दुसरं. मी माझ्या खोलीत लाइव्ह पाहत होतो. लॉगिन : हिरालाल.

स्वतःच्याच नावाने! मला वाटलं होतं चंदाचं वापरेल, कोणाचंतरी वापरेल. मी जाऊन मागे उभा राहिलो तर स्क्रीन बंदपण नाही केली. फोनवर एवढंच म्हणाले, "जमते." आणि ठेवला.

"काका, कोणाचा फोन होता?"

"ओळखीतला."

"त्याला काय सांगितलं?"

"काही नाही सांगितलं, बाबू. जमते म्हणलं."

५ फेब्रुवारी

मॅडमसमोर लॉग ठेवला. बत्तीस नोंदी. मॅडमनी एकेक नोंद बोट ठेवून वाचली. मग काकांना बोलावलं. काका उभेच. मॅडम म्हणाल्या, "हिरालालजी, काय आहे हे?"

"मी कोणाचं नाव बाहेर नाही काढलं, मॅडम."

"मग काय करून राहिले होते? मला तरी सांगा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. काय होतं ते मला कळलं नाही. "याच्यासमोर नाही सांगत," म्हणाले.

मॅडम म्हणाल्या, जे आहे ते त्याच्यासमोरच. काकांनी नकारार्थी मान हलवली. चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. त्यांनी टेबलाचा खण आवरला. एक पंचा, गोळ्यांचं पाकीट, चष्म्याचं रिकामं घर. जाताना माझ्या दारात थांबले. "पेनड्राइव्ह जपून ठेवजो."

मी माझं काम केलं. हे मी तीनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं.

१० फेब्रुवारी

कोणी बोलत नाही. म्हणजे कामाचं बोलतात, 'सर' म्हणून. चौकीदारपण म्हणत नाहीत आता. कुडव्याला भाड्याने घेतलेल्या रूमवर संध्याकाळी घरमालकाच्या टीव्हीचा आवाज भिंतीतून येतो, तर मी भिंतीकडेच बसतो. आईला फोनवर सांगितलं, ऑफिसात मजा आहे.

१२ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत काकांच्या टेबलावरचा फोन वाजला. सगळे पोर्चमध्ये, मीच उचलला. म्हातारा आवाज. "हिरालालजी?" मी नुसतं हूं केलं. त्याने दोन नावं सांगितली, गावांसहित. "फलदान चौदा दिवसांवर आहे. तेवढं पाहून सांगा, जमते का."

हाच तो! म्हटलं, "कोण बोलून राहिलं?"

मग, "हिरालालजी नाहीत काय जी?"

"नाहीत. आणि इथली माहिती कोणालाच मिळणार नाही. पुन्हा फोन केला तर पोलिसांत देईन."

फोन ठेवला. नावं मी लिहून घेतली नाहीत, रूल म्हणजे रूल. मॅडमना सांगितलं, त्यांनी 'बरं' म्हटलं. फलदान म्हणजे साखरपुडाच ना? आता आमचा डाटा साखरपुड्यालापण लागतो वाटते लोकांना, असं चंदाला म्हणालो. ती हसली नाही.

१८ फेब्रुवारी

चौकशीसाठी काकांचा पेनड्राइव्ह क्लीन करून उघडला. एकच फाइल. नाव 'जोड्या'. सतरा पानं. नाव एकही नाही. कार्ड नंबर, दुसरा कार्ड नंबर, तारीख, आणि शेवटी एक शब्द : जमते, जमते, जमते, नाही जमत, जमते.

पहिलं पान पूर्ण वाचलं नाही तोच कळलं. मी किती बिनडोक आहे. नावांचा कॉलम मीच लपवला होता. उघडा असता तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं, दर वेळी एक मुलगा आणि एक मुलगी.

चंदाला विचारलं. "तुला माहीत होतं?"

"मले वाटलं होतं थोडंसं. काकाले कधी विचारलं नाही."

"मला काऊन नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं कधी काही? तुम्ही स्लाइडा दाखवल्या."

१२ तारखेचा फोन. ते दोघं. चौदा दिवसांतले सहा गेले. नावं तर मी लिहूनच घेतली नव्हती.

१९ फेब्रुवारी

हाफ डे टाकून काकांच्या गावी गेलो. अंगणात तूर झोडपत होते. सुशिलाकाकूंनी खाट टाकली, पाणी दिलं. मी सॉरी म्हणणार होतो, पण निघालं हेच, "ते फलदानवाले दोघं कोण आहेत काका?"

काका बसले. "पहिले आम्ही खरंच सांगत होतो बाबू, दोघाईले समोर बसवून. पोरगा मागे हटे, अन् नाव होय पोरीचं. साऱ्या गावात. मग ते पोरगी बसूनच राहे. पत्रिकेनं तुटलं तर कोणाचंच नाव खराब नाही होत. ग्रहावर जाते." मग म्हणाले, "माह्या बहिणीचे दोन लेकरं गेले. तिले सांगाले कोणी नव्हतं."

"फोन कोण करतात?"

"करतात एक. पत्रिका त्याईकडेच येतात साऱ्या. त्याईले कार्डाचं काही नाही माहीत. मी जमते म्हणलं तर गुण जुळवतात. नाही म्हणलं तर नाडी काढतात."

"पण काका, ज्यांचं आहे त्यांना विचारायला पाहिजे होतं ना?"

"पाहिजे होतं," काका म्हणाले. एवढंच.

मग मी म्हटलं, त्या फोनवाल्याचं नाव सांगा, लगेच जातो. काका तुरीकडे पाहत बसले. शेवटी म्हणाले, "कोहमाऱ्याचे रामलाल महाराज."

मी पुढचं काही विचारलं नाही. त्यांनीपण सांगितलं नाही. काकू म्हणाल्या, जेवून जा. नाही जेवलो.

२० फेब्रुवारी

काल रात्रीच मॅडमना सगळं सांगितलं. आज मॅडम आणि काका महाराजांकडे जाऊन आले. मी गाडीतच बसून राहिलो, ढाब्यासमोर. आत जायचा धीर झाला नाही. महाराजांनी त्या दोन घरांना काहीतरी कारण सांगून फलदान पुढे ढकलून ठेवलं होतं. माझ्या धमकीनंतरही. आता ठरलं ते असं : महाराजांकडे जी जोडी येईल तिला ते आधी आमच्या ऑफिसात पाठवतील. सगळ्यांनाच, म्हणजे कोणी वेगळं पडायला नको. दोघांनी आपापलं कार्ड पाहायचं, पाहिजे तर एकमेकांना सांगायचं. तिसऱ्याला नाही. मॅडमची आयडिया. काका म्हणाले, पाहू.

कोहमारा आणि १९ एप्रिल, मी अजून जोडून पाहिलेलं नाही. फाइल कपाटात आहे. किल्ली माझ्याकडेच आहे.

१ मार्च, शनिवार

ते दोघं आले. बोलायला दरवाजावाली खोली पाहिजे म्हणून माझीच दिली. चंदा आत त्यांच्यासोबत, मी बाहेर पायरीवर. चाळीस मिनिटं. दोघं बाहेर आले तेव्हा पोराने बूट घालायला खूप वेळ लावला. पोरगी माझ्याजवळ आली. "नववीत असताना तपासलं होतं जी तुम्ही माझं रक्त. मग मले आजच काऊन सांगून राहिले?"

मी तेव्हा इथे नव्हतो, असं म्हणू शकलो असतो. पण म्हटलं नाही.

गाडीवर बसताना तिने दोघांच्या मधे पर्स ठेवली. गेटबाहेर ती पर्स तशीच राहिली की खांद्यावर गेली, ते भिंतीमुळे दिसलं नाही.

२ मार्च, रविवार

घरी आलो, तिरोड्याला. आईला म्हटलं, माझं शाळेतलं रक्ताचं कार्ड दे. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, "आता कायले पाहिजे?"

"आई."

ट्रंकेत सगळ्यात खाली होतं, माझ्या बारशाच्या झबल्याच्या घडीत. नंबर ६११८. खाली गोल केलेला : वाहक. सातवीतलं आहे.

"तुह्या बाबानं म्हणलं, नोको सांगू. पोरगं स्वतःले बिमार समजन. तू खेळाले जाय ना बाहेर. तुले पाहून मीच विसरून जाओ."

बाबा दारातच उभे होते. संध्याकाळी स्टेशनवर सोडायला आले, आणि गाडी सुटेपर्यंत माझी बॅग हातातच धरून होते.

३ मार्च, सोमवार

पेटी उघडायची नाही. पण हा नंबर तर माझाच ना. फाइल उघडून ६११८ शोधलं. अकराव्या पानावर.

६११८. १४३०२. १८ एप्रिल. नाही जमत.

दुसरा नंबर कोणाचा, हे सर्व्हरला विचारायची गरज नव्हती. माझं स्थळ एकच आलं होतं. मग मी १४३०२ शोधलं, आणि ते करायला नको होतं. तेराव्या पानावर होतं. पुढे बालाघाटकडच्या कॅम्पचा नंबर, जूनची तारीख. जमते.

ती सुखात आहे ना, असं काकांनी विचारलं होतं. त्यांना तिच्या होणाऱ्या लेकरांचं म्हणायचं होतं.

म्हणजे आमचे अठ्ठावीस गुण बरोबरच होते. हे तिला कोणी सांगणार नाही. मी तर नाहीच सांगू शकत, मी चौकीदार आहे. तिलाही तिचं कार्ड माहीत आहे की झबल्यात आहे, हेपण मला विचारता येणार नाही.

५ मार्च

काका आजपासून परत. मॅडमनी त्यांना लॉगिन दिलं नाही, जोड्या आल्या की बसवायचं, पाणी द्यायचं, बोलायचं काम दिलं. काका म्हणाले, हेच बरं आहे, माऊस हात दुखवते.

फाइल पुसायची होती. पासवर्ड नसलेली, बाहेर फिरलेली माहिती, ठेवता येत नाही. हा रूल मीच लिहिलाय. फॉर्मपण मीच बनवलाय. भरला : पेनड्राइव्ह क्र. ७. फाइल एक. पाने सतरा. कारण, असुरक्षित. पुसणारा, खुमेंद्र. शेवटचा कॉलम साक्षीदाराच्या सहीचा आहे. ऑफिसात त्या कॉलमसाठी एकच माणूस होता.

काका माझ्या खोलीत येऊन उभे राहिले. मी बटण दाबलं. हिरवी पट्टी भरत गेली. सतरा पानांना एवढाही वेळ लागला नाही की दोघांपैकी कोणी काही बोलावं. काकांनी सही केली. तू पाहिलं का, असं विचारलं नाही. पेनचं टोपण लावलं, खिशात अडकवलं.

"दीड वाजला," म्हणाले. "डबा घे अन् चाल."

पोर्चमध्ये काका बसले, आणि त्यांच्या शेजारी चंदाने आपला डबा उचलून मांडीवर घेतला. तेवढ्या जागेत मी बसलो. भाजी पोपटी वालाच्या दाण्यांची होती, दाणे आईने रविवारी बांधून दिलेले.